बाळंतपण कुठे करायचं? अनसिंगच्या वाटा आणि लांबचे दवाखाने



इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की राजे येतात, लढाया येतात, सनावळ्या येतात. सनावळ्या आजही येणार आहेत, त्यातून सुटका नाही. पण आजचा प्रश्न घरातला आहे आणि इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात तो कधी ना कधी पडलेला आहे: बाळंतपण कुठे करायचं? गावातच की बाहेरगावी? आणि बाहेरगावी, तर कुठल्या गावी?

आपलं अनसिंग नकाशावर बघा. वाशीम तालुक्यातलं मोठं गाव, वाशीम-पुसद रस्त्यावरचं. एका अंगाला वीस-पंचवीस किलोमीटरवर वाशीम. उलट्या अंगाला, जरा जास्त अंतरावर पुसद. पण पुसद यवतमाळ जिल्ह्यात. दक्षिणेकडे पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा, म्हणजे मराठवाडा. आणि अकोला शंभराच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे बाई बाळंत व्हायची असली की चार दिशांना चार वाटा फुटतात. कुणी म्हणतं वाशीमला न्या, कुणी म्हणतं पुसदचा डॉक्टर चांगला, कुणाचं माहेर हिंगोलीकडे, कुणाचा भाऊ अकोल्याला.

हा गोंधळ आजचा नाही. त्याला निदान शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास कळला तर आपला प्रश्न थोडा नीट विचारता येतो. आज एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात आमच्याच घरातून करतो. आमच्या आजीची थोरली जाऊ पहिल्या बाळंतपणात गेली. गोष्ट १९५० च्या दशकातली, पावसाळ्यातली. दोन दिवस कळा देऊन बाई अडली. सुईणीने हात टेकले तेव्हा तिसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. वाशीमच्या वाटेवर नाल्याला पाणी होतं, तिथे गाडी थांबली. पाणी उतरायच्या आधी बाई गेली, पोटातलं लेकरूही गेलं. त्यानंतर आमच्या घरात पन्नास वर्षं एकच वाद चालला. थोरले म्हणायचे, पुसदला न्यायला हवं होतं, तिकडची वाट कोरडी होती. धाकटे म्हणायचे, नाही, वाशीमच बरोबर होतं. आजी मात्र कधी बोलायची नाही. एकदाच बोलली: "कुठं न्यायचं ते जाऊ द्या. दोन दिवस आधी का नाही नेलं, ते सांगा."

हे वाक्य ध्यानात ठेवा. शेवटी आपण परत त्याच्यापाशी येणार आहोत.

माहेर: लांबचं पहिलं ठिकाण

आपल्याकडे बाहेरगावी जाऊन बाळंत व्हायची चाल दवाखान्यांच्या कितीतरी आधीची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि मग भाऊ किंवा वडील येऊन लेकीला घेऊन जायचे. सासर अनसिंगला आणि माहेर मालेगावकडे, मानोऱ्याकडे किंवा पैनगंगेपलीकडे असलं तर ती वाट एक-दोन मुक्कामांची असायची.

आपण याच्याकडे हौस म्हणून पाहतो. पण जरा व्यवहार म्हणून पाहा. या रिवाजात तीन गोष्टी पक्क्या बसवलेल्या होत्या. पहिली, जागा आधी ठरलेली असायची. ऐन वेळी चर्चा नाही. दुसरी, बाई कळा सुरू व्हायच्या आधी दोन-दोन महिने तिथे पोचलेली असायची. म्हणजे अंतराचा प्रश्न संपलेला. तिसरी, जिथे पोचायची तिथे तिचं ऐकणारं माणूस असायचं. सासरी सून दुखतंय म्हणायला लाजते. आईपुढे लेक बोलते. अंग सुजलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात लेकरू हललं नाही, हे आईला सांगितलं जायचं.

आता या चालीचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. माहेरी पोचल्यावर पुढे काय होतं? एक सुईण, एक बाज, एक अंधारी खोली, शेक-धुरी आणि देवाचं नाव. सुईणीचा हात अनुभवी असायचा. बाळ आडवं आहे की सरळ, हे कित्येक जणी नुसत्या हाताने ओळखायच्या. आणि समाज काय करायचा? नाळ कापण्याचं काम विटाळाचं मानायचा, ते खालच्या समजल्या गेलेल्या जातींतल्या बायांवर ढकलायचा, बदल्यात लुगडं आणि पायलीभर धान्य द्यायचा आणि तिला शिकवायची सोय मात्र कुणी करायचं नाही. नाळ विळ्याने कापली जायची. जखमेला राख, माती, शेण असं काहीबाही लागायचं. त्यातून धनुर्वाताचे जंतू आत जायचे आणि आठवड्याभरात बाळाचं तोंड मिटायचं, अंग ताठ व्हायचं. आपण पाचवीला सटवाईची पूजा करतो, ती त्या दिवशी बाळाचं नशीब लिहिते म्हणतो. त्या दिवसांची धास्ती उगाच नव्हती; नवजात धनुर्वाताचा घाला बहुतेक वेळा याच दिवसांत पडायचा. भारतातून माता आणि नवजात यांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं.

म्हणजे माहेरात वेळ होती, माया होती, पण अडलेल्या बाईला सोडवायचं साधन नव्हतं. रक्तस्राव सुरू झाला की संपलं. ते साधन ज्या ठिकाणी आलं ती ठिकाणं आपल्यापासून लांब होती. का लांब होती? इथे राज्यकारभाराचा इतिहास सुरू होतो.

जिल्हा गेला, दवाखाना गेला

वाशीम म्हणजे वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याला त्यानंतरचं दीड हजार वर्षं ओलांडून इंग्रजी अमलात यायचं आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभाराला दिला. पुढे वऱ्हाडचे जिल्हे पाडले गेले, त्यांत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी दप्तरात त्याचं नाव 'बासीम'. वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. म्हणजे त्या काळात अनसिंगच्या दोन्ही बाजूंची मोठी गावं, वाशीम आणि पुसद, एकाच जिल्ह्यात होती.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि १९०५ मध्ये फेररचना झाली. बासीम जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला गेलं. कागदावरची ही एक रेघ. पण इंग्रजी कारभाराची रीत अशी होती की जिल्ह्याचं ठाणं जिथे, तिथे कलेक्टर, तिथे कोर्ट, तिथे तुरुंग आणि तिथेच सिव्हिल सर्जन. तालुक्याच्या गावाला छोटा दवाखाना. ठाणं अकोल्याला गेलं म्हणजे मोठा दवाखाना, मोठा डॉक्टर आणि पुढे बायांचं वेगळं इस्पितळ हे सगळं अकोल्याच्या बाजूला झुकलं.

बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर जाते. वाशीम म्हणजे एक अख्खा दिवस. अकोला म्हणजे दोन-तीन दिवस. अडलेल्या बाईला दोन-तीन दिवस नसतात. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव थांबला नाही तर एक-दोन तासांत जीव जातो. म्हणजे १९०५ नंतर अनसिंगच्या बाईसाठी जिल्ह्याचा दवाखाना असून नसल्यासारखा. आणि पुसद जवळ होतं, पण ते परक्या जिल्ह्यातलं झालं. हा परकेपणा बाईच्या दुखण्याला कळत नाही, कागदाला कळतो.

हा जिल्हा परत मिळाला १ जुलै १९९८ ला. मध्ये ९३ वर्षं गेली. मुख्यालयाच्या मागण्या होतात तेव्हा आपण त्या राजकारण म्हणून ऐकतो. त्या मागण्यांत बाळंतिणीही असतात, एवढं आज नोंदवून ठेवू.

बाया दवाखाना कशावरून निवडतात

दवाखाना जवळ असला म्हणजे बाया जातातच असं नाही. जाव्यात का, हा प्रश्न त्या स्वतःला विचारतात, आणि त्यांचं उत्तर पुष्कळदा शहाण्यासुरत्यांपेक्षा बरोबर निघतं.

याचं जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण व्हिएन्नाचं आहे. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. आज पहिल्या विभागात भरती, उद्या दुसऱ्यात, अशी पाळी. शहरातल्या गरीब बायांना एक गोष्ट पक्की माहीत होती: पहिल्या विभागात बाया मरतात. पहिल्याच्या दिवशी पोचलेल्या बाया गुडघे टेकून विनवायच्या, आम्हाला दुसरीकडे पाठवा. काही जणी रस्त्यातच बाळंत झालो असं सांगायच्या, म्हणजे आत जावं लागत नाही. शिकलेले लोक याला अडाणी भीती म्हणत. पण आकडे बायांच्या बाजूने होते. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या अकरा बाया दगावल्या, दुसऱ्यात तीनपेक्षा कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधलं. विद्यार्थी मुडदे चिरून तेच हात घेऊन बाळंतिणी तपासायला येत. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि पुढच्या वर्षी पहिल्या विभागातलं प्रमाण शंभरात सव्वावर आलं.

कोपऱ्या-कोपऱ्यावर बाया एकमेकींना जे सांगत होत्या, ते विद्यापीठाला कळायला बरीच वर्षं लागली. म्हणून गावात चार बाया म्हणतात "तिथं नको जाऊ", तेव्हा ते नुसती अफवा म्हणून झटकू नका. त्यात काय आहे ते विचारा.

आपल्याकडे कोंडी वेगळी होती. दवाखान्यात पुरुष डॉक्टर, आणि पुरुष डॉक्टरपुढे बाई जाणार नाही. आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली आहे, पण ती बाळंतपणाची गोष्ट आहे हे आपण विसरतो. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं. त्यानंतर वैद्यकी शिकायची हे त्यांच्या मनाने घेतलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच. परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. एकही बाळंतपण इथे त्यांच्या हातून व्हायचं राहून गेलं.

त्याच सुमारास, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी हिंदुस्थानातल्या बायांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून निधी उभारला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुइणींना शिकवण्यासाठी दुसरा निधी काढला. यात साम्राज्याचा मोठेपणा मिरवणं होतं, सुइणींना तुच्छ लेखणंही होतं. पण भिंती उभ्या राहिल्या. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही 'डफरीन' म्हणतात. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला 'लेडी हार्डिंग'. राज्य गेलं, पुतळे गेले, पण वऱ्हाडातल्या बायांच्या तोंडी दोन व्हाइसरॉयांच्या बायकांची नावं राहिली. तो दवाखाना बायांनी आपला मानला, याची ती खूण आहे.

त्याहून जवळची गोष्ट नागपूरची. कमलाबाई होस्पेट, लहान वयात वैधव्य आलेल्या, नर्स आणि सुईण म्हणून शिकलेल्या. १९२१ मध्ये त्यांनी वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. मोजक्या खाटांचं सूतिकागृह. इथे विलायती मडम नव्हती आणि घरची अंधारी खोलीही नव्हती. मराठी बोलणारी, बाळंतिणीच्या खाण्यापिण्याच्या रीती समजणारी आणि तरीही हात धुतल्याशिवाय पुढे न येणारी शिकलेली बाई होती. पुढे संघाच्या शाखा विदर्भात पसरल्या. हे काम का चाललं? कारण त्यात माहेरची माया आणि दवाखान्याचं साधन एका छपराखाली आलं. कस्तुरबांच्या मृत्यूनंतर सेवाग्रामला बायामुलांसाठी जो दवाखाना सुरू झाला, त्याची सुरुवातही अशीच पंधरा खाटांची होती. १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं.

अंतर कमी झालं, मग?

स्वातंत्र्यानंतरचा भाग आपण भराभर पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्रं १९५२ पासून देशभर सुरू होत गेली. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेज १९४७ मध्ये आलं. आपल्या भागापुरतं पाहिलं तर नांदेड १९८८, यवतमाळ १९८९, अकोला २००२ आणि अगदी परवा, २०२४ मध्ये, वाशीम आणि हिंगोली. बाळंतपणाला मेडिकल कॉलेज लागत नाही हे खरं. पण बाई अत्यवस्थ झाली की शेवटचा दरवाजा तोच. तो दरवाजा पाऊणशे वर्षांत अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून वीस-पंचवीस किलोमीटरवर सरकत आला. तिथे सगळे डॉक्टर आणि सगळी यंत्रं रात्रंदिवस असायला अजून वेळ लागेल, पण पाटी तरी लागली.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावात आशाताई आल्या. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला: सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी सगळं फुकट. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ची गाडी धावू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रातली निम्म्याहून जास्त बाळंतपणं घरी होत होती. २००५-०६ मध्ये दवाखान्यातली सुमारे ६५ टक्के झाली. २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ९५ टक्के. एका पिढीत एवढा बदल आपल्या समाजात दुसऱ्या कुठल्या बाबतीत झाला असेल, शोधून पाहा.

मग प्रश्न संपला का? नाही. त्याने नुसतं रूप बदललं. पूर्वी विचारायचे, घरी की दवाखान्यात. आता विचारतात, कुठल्या दवाखान्यात. आणि या प्रश्नात भीती आहे, पैसा आहे, प्रतिष्ठाही आहे. शहरात मोठ्या दवाखान्यात गेलो तर सिझरच करतील, ही भीती तुम्ही ऐकली असेल. राज्यात २०१५-१६ मध्ये शंभरातली वीस बाळंतपणं सिझरने होत होती, २०१९-२१ मध्ये पंचवीस झाली. तेव्हा भीती अगदीच हवेतली नाही. उलट बाजूने, लागलेलं सिझर वेळेवर न झाल्यामुळे गेलेल्या बाया या आकड्यात दिसत नाहीत, हेही तेवढंच खरं.

आणखी एक उलटी वाट आहे. नवरा पुण्याला कंपनीत, बिऱ्हाड तिकडे, पण बाळंतपणाला सून परत इकडे येते, कारण पुण्यात सांभाळणारं कुणी नाही. शहरातली उत्तम सोय सोडून बाई गावाकडे येते, कारण तिला आई हवी. हा वेडेपणा नाही. सोय आणि आई या दोन्ही गोष्टी दवाखाना निवडण्यात मोजाव्या लागतात. आणि कामासाठी गाव सोडून जाणारी, ऊसतोडीला टोळीबरोबर जाणारी बाई असते, तिला बाहेरगावी बाळंत व्हावं लागतं, ती निवडत नाही. तिचा विचार या चर्चेत शेवटी येतो, खरं तर आधी यायला हवा.

रात्री दोन वाजताची चिठ्ठी

आता मूळ मुद्दा. बाहेरगावचा दवाखाना आज दोन तऱ्हांनी ठरतो. एक, सातव्या-आठव्या महिन्यात घरच्यांनी बसून ठरवलेला. दुसरा, रात्री दोन वाजता हातात पडलेल्या चिठ्ठीवरचा. 'पुढील उपचारासाठी रेफर.' इथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून मेडिकलला. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी विचारपूस, पुन्हा रक्त तपासणी. चिठ्ठी देणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. भूल देणारा डॉक्टर नसेल, रक्त नसेल, तर पाठवणं हेच त्याचं कर्तव्य. पण चिठ्ठीवर निघालेली बाई दवाखाना निवडत नसते. दवाखाना तिच्यासाठी शिल्लक राहिलेला असतो.

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी जगभरच्या मातामृत्यूंची मांडणी तीन उशिरांमध्ये केली. पहिला उशीर घरातला: निर्णय घ्यायला. दुसरा रस्त्यावरचा: पोचायला. तिसरा दवाखान्यातला: पोचल्यावर उपचार मिळायला. आमच्या घरातल्या त्या गोष्टीला ही मांडणी लावून पाहा. पन्नास वर्षं आमचे पुरुष दुसऱ्या उशिरावर भांडत होते, नाला की कोरडी वाट. आजी पहिल्या उशिरावर बोट ठेवत होती. शाळेत न गेलेल्या बाईने ती मांडणी एका वाक्यात सांगून टाकली होती.

आणि आता माहेरच्या चालीकडे परत या. सातव्या महिन्यात निघायचं. त्या चालीने पहिले दोन उशीर मुळातच काढून टाकले होते. कमी होतं ते तिसऱ्या टप्प्यावरचं साधन. आज आपण साधन आणलं, गाडी आणली, फोन आणला आणि आधी निघायची अक्कल मात्र सोडून दिली. १०८ आहे ना, मग निघू कळा आल्यावर, असं म्हणतो.

सरकारलाही हे उमगलं आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत, जिथे पावसाळ्यात वाटा बंद होतात, तिथे आरोग्य केंद्राच्या आवारात खोल्या बांधून दिवस भरत आलेल्या बायांना आठवडाभर आधीच येऊन राहण्याची सोय केली. सोबत एक नातेवाईक, लहान मूल, जेवण. क्युबात अशी घरं १९६२ पासून आहेत. आपल्याकडे त्या योजनेला नाव काय दिलं? 'माहेरघर'. सरकारी योजनांच्या नावांत एवढं नेमकं नाव आम्ही तरी दुसरं पाहिलेलं नाही.

इतिहास हातात काय देतो

व्याख्यान ऐकून घरी जाताना तुम्ही म्हणाल, बरं, मग करायचं काय? वाशीम की पुसद? याचं उत्तर आम्ही देणार नाही, देऊही नये. पण या सगळ्या इतिहासातून काही प्रश्न हाती येतात, ते देतो.

पहिला: त्या दवाखान्यात रात्री दोन वाजता सिझर होतं का? दिवसा सगळीकडे होतं. भूल देणारा डॉक्टर रात्री असतो का आणि रक्त किती वेळात मिळतं, हे स्पष्ट विचारा. पाटी मोठी असण्याशी याचा संबंध नाही. दुसरा: बाळ अशक्त निघालं तर त्याला ठेवायची सोय तिथेच आहे, की आई एका गावात आणि बाळ दुसऱ्या? तिसरा: वाट किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा, आणि पावसाळ्यातल्या रात्रीच्या वेळेत मोजा. चौथा: तिथे बाईचं ऐकून घेतात का? तिच्यावर ओरडतात का? आधी तिथे बाळंत झालेल्या दोन-तीन जणींना विचारा. व्हिएन्नाच्या बायांची रीत ती.

पाचवा कागदाचा. दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असाल तर इथल्या आशाताईंना आणि सिस्टरांना आधी सांगा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक एका पिशवीत. १९०५ ची रेघ अजून आपल्या कागदांतून जाते, ती ओलांडायला कार्ड लागतं. आणि नव्या ठिकाणी एकदा तरी आधी जाऊन दाखवून या. तिथल्या डॉक्टरने बाईला पहिल्यांदा कळा देतानाच पाहावं, असं होऊ नये. रक्तदाब वाढलेला, अंगात रक्त कमी, आधीचं सिझर, जुळं, आडवं बाळ, यांतलं काही असेल तर घराजवळचा आग्रह सोडा आणि तारखेच्या आधी जाऊन राहा. नसेल तर जवळचा, ओळखीचा, चांगला चालणारा सरकारी दवाखाना हीसुद्धा शहाणी निवड आहे. लांबचं म्हणजे चांगलं, असं इतिहास कुठेच सांगत नाही.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न: जिला बाळंत व्हायचं आहे, तिला विचारलं का? सुईण ठरवायची, सासू ठरवायची, मग डॉक्टर ठरवायला लागला, आता नवरा फोनवर शोधून ठरवतो. या सव्वाशे वर्षांच्या गोष्टीत तिचं मत विचारल्याच्या नोंदी फार थोड्या सापडतात.

आपल्या भाषेत बाळंत झालेल्या बाईला 'मोकळी झाली' म्हणतात. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असंही म्हणतात. आमच्या आजीची ती जाऊ मोकळी झाली नाही. घरात तिचा फोटो नाही. तेव्हा फोटो काढायला कोण जात होतं. आजीनंतरच्या प्रत्येक सुनेला आणि लेकीला मात्र आमच्या घरात सातवा लागला की एका संध्याकाळी मधोमध बसवतात आणि विचारतात, कुठे जायचं, केव्हा निघायचं, सोबत कोण. आता पंचविशीतल्या पोरी हसतात, म्हणतात, आजी, रस्ता झालाय, पूल झालाय. झालाय खरा. तरी विचारतात.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि आज पुरुष मंडळी जास्त दिसत आहेत, तर एक विनंती: हे व्याख्यान घरी जाऊन सांगा. नमस्कार.